रानातलं, व्हाळातलं, खाजनातलं: गोळा करून आणलेल्या अन्नाचे तुमचे अनुभव

मृग लागून आठ-दहा दिवस झाले की आई सकाळी चहाच्या आधी पाटी घेऊन सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर) जायची. तायकिळा (घाटावर ज्याला टाकळा म्हणतात) तेव्हा जेमतेम चार बोटं वर आलेला असतो आणि उजाडताना त्याची पानं अजून जोडीजोडीनं मिटलेली असतात. ती वरची कोवळी पानं तेवढी खुडायची, ओटीत टाकायची आणि पुढं सरकायची. एका जागी बसून पाटी भरणं तिला मान्य नव्हतं. घरी आली की भिजवलेली चण्याची डाळ, कांदा, मूठभर ओलं खोबरं, आणि पेजेबरोबर ती भाजी. तायकिळ्याची पहिली भाजी खाल्ल्याशिवाय आमच्या घरी पावसाळा सुरू व्हायचा नाही.

यंदा मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच सड्यावर गेले. वाटेवर चिऱ्यांची भिंत, पत्र्याचं दार, कुलूप. राखणदार भला माणूस होता. म्हणाला, "ताई, जागा विकली गेली, आता आत सोडता येत नाही." परत येताना मुलीनं विचारलं, "पण भाजी त्यांनी लावली होती का?" मला उत्तर देता आलं नाही.

माणूस शेती करायला लागून दहा-बारा हजार वर्षं झाली असतील. त्याआधी लाखो वर्षं तो मिळेल ते वेचून, धरून, खणून जगला. गोव्यात ते जगणं पूर्ण संपलेलं नाही, दर पावसाळ्यात ते आपल्या ताटात येतं. म्हणून हा धागा. तुम्ही काय गोळा करत होतात, कुणी शिकवलं, आणि ती जागा कुणाची होती, ते लिहा. शेवटचं मुद्दाम विचारते आहे. अळम्यांची (रानातल्या भुईछत्र्यांची) जागा मात्र कुणी नेमकी सांगू नका, ही विनंती.

(फोंडा तालुका)

सत्तरी, शेतकरी

तुम्ही नाही सांगितलं असतं तरी आम्ही जागा सांगितली नसती. माझ्या वडिलांनी मला रोयणीची जागा दाखवली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. तोपर्यंत ते एकटे जायचे आणि ओल्या पंचात गुंडाळून अळमी आणायचे. आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही अळमी रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर येतात. वाळवी पालापाचोळा, लाकूड चावून आत नेते आणि त्यावर बुरशीची बाग वाढवते. त्या बुरशीवर वाळवीचं पोट चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून मग थोडं ऊन पडलं, हवा दमट आणि कोंदट झाली की ती बुरशी वर अळमी सोडते. छत्रीला मधोमध टोक असतं, त्या टोकानंच ती माती फोडून वर येते. खाली देठ मुळासारखा लांब जातो, थेट वारुळाच्या आतल्या बागेपर्यंत. वाळवीशिवाय ही अळमी येत नाहीत, म्हणून शेडमध्ये पेंढ्यावर जशी दुसरी अळमी पिकवतात तशी ही पिकवता येत नाहीत.

वडिलांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. देठ दोन बोटांत धरायचा, किंचित पिळायचा आणि मातीच्या वर मोडून घ्यायचा. कुदळ लावायची नाही. पूर्ण उमललेली दहा-वीस तिथंच ठेवायची. आमच्याकडे सातेरी देवी म्हणजे रोयणच. देवळात मूर्तीच्या जागी वारूळ पुजतात. जिथं हात जोडायचे तिथं कुदळ कशी घालायची, एवढाच त्यांचा विचार होता.

आता लोक कुदळीनं खणतात. लांब देठाची अळमी ताजी दिसतात, मोजून विकताना भाव बरा मिळतो. सागाच्या पानात बांधलेली पुडकी रस्त्याकडेला बघितली की मी आधी देठाचं टोक बघतो. आतली माती चिकटलेली असली तर समजतो की वारूळ फोडलंय. गोवा विद्यापीठाचे डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळम्यांवर आयुष्यभर काम केलं आणि रोयणी वाचवा म्हणून किती वर्षं सांगत राहिले. आमच्या गावात काहींनी ऐकलं, बऱ्याच जणांनी नाही.

जागा कुणाची विचारता, तर आमची रोयण आता म्हादई अभयारण्यात येते. १९९९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आजोबा तिथं जायचे तेव्हा ते नुसतं रान होतं. आता तिथून काही उचलणं कायद्यानं गुन्हा आहे. मी गेली सहा वर्षं गेलेलो नाही. अभयारण्य नको असं मी म्हणणार नाही, ते नसतं तर खाणीनं रान खाल्लं असतं. पण मुलाला जागा दाखवायची कशी, हा प्रश्न माझ्याकडे आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

फोंडा, माहेर पुणे

लग्न होऊन आले तेव्हा मला भाजी म्हणजे मंडईतली एवढंच ठाऊक. पहिल्या पावसात सासूबाईंबरोबर कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला गेले आणि उत्साहानं तेऱ्याचं (रानअळूचं) रोप उपटलं. त्या लांबूनच म्हणाल्या, "वयले वयर खुंट गो, मूळ हालोवंक जायना." (वरचं वर खुड गं, मूळ हलवायचं नाही.) तेव्हा कोकणी कळत नव्हती, सूर कळला.

त्याच आठवड्यात घशाला खाज सुटली ती वेगळी. तेऱ्यात आंबट घालायचं असतं, आंबाडा किंवा सोलं (आमसुलं), आणि शिजवायचं ते अगदी विरघळेपर्यंत. मी घाईत कमी शिजवलं होतं. दोन दिवस घसा धरून बसले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पुढच्या वेळी आंबाडे स्वतः ठेचून माझ्या हातात दिले.

जागा चुलत सासऱ्यांची होती. आमच्यात आणि त्यांच्यात वाटणीवरून बारा वर्षं बोलणं नव्हतं. तेरं खुडायला मात्र कुणी कुणाला अडवलं नाही.

मडगाव

किल्लांबद्दल (बांबूचे कोवळे कोंब) एक सूचना लिहून ठेवते, कारण हल्ली व्हिडिओ बघून लोक थेट फोडणीला टाकतात. सोलून बारीक चिरायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे, पाणी बदलायचं आणि मग उकडून घ्यायचे. कच्च्या कोंबात विष असतं. आमच्या आईला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण पाणी टाकल्याशिवाय किल्ल चुलीवर गेलेला मी कधी पाहिला नाही.

काणकोण, वेळीप समाजातून

वर सत्तरीच्या भावानं लिहिलं ते वाचून लिहायला बसले.

आमच्याकडे हा छंद नव्हता. माझ्या आजीच्या वेळी भात पुरायचं ते माघ-फाल्गुनापर्यंत. पुढचे महिने डोंगरावर. कारांदे खणायचे, चुलीत भाजायचे, कडू असले तर उकडून पाणी टाकायचं. फणस कच्चा असल्यापासून बी वाळेपर्यंत सगळा उपयोगाला यायचा. भिरंडांची (कोकमांची) सोलं वाळवायची आणि बियांचं भिरंडेल (तेल) काढायचं, तेच थंडीत फुटलेल्या टाचांना. मध काढायला पुरुष जायचे. पोळ्याचा एक भाग ते तसाच सोडायचे, म्हणजे माश्या तिथंच राहतात.

आजी कंद खणायची ते सांगते, कारण ते मी हातानं केलंय. वेल पिवळा पडून सुकला की त्याच्या मागानं जमिनीपर्यंत जायचं. खणती आडवी लावायची, उभी नाही. कंद मोकळा झाला की वेलाच्या बुंध्याकडचा, वरचा तुकडा कापून त्याच खड्ड्यात परत ठेवायचा, माती ओढायची आणि पायानं दाबायची. दाबल्यावर आजी खड्ड्यावर एक दगड ठेवायची. रानडुकरांनी उकरू नये म्हणून असेल, किंवा पुढच्या वर्षी जागा सापडावी म्हणून. मी विचारलं नाही, नुसता दगड आणून द्यायचे.

२००३ मध्ये आम्हाला, गावडा आणि कुणबी समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २००६ च्या वन हक्क कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की परंपरेनं गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर, म्हणजे बांबू, मध, कंदमुळं, औषधी वनस्पती यांवर रानातल्या लोकांचा मालकी हक्क आहे. आमच्या घरच्या दाव्याचे कागद वडिलांनी भरले. ते वारले, आता मी फेऱ्या मारते. दर वेळी एक नवा कागद कमी निघतो. पुरावा काय, असं विचारतात. आजीनं ठेवलेले दगड मी पुरावा म्हणून नेऊन दाखवू का?

जागा कुणाची, याचं उत्तर आजी असती तर तिनं दिलं नसतं. तिला प्रश्नच कळला नसता.

धागा सुरू करणारी

काणकोणच्या ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. दावा मंजूर झाला की इथं नक्की कळवा.

पणजी, महाविद्यालयात शिकवतो

विषयाला धरून थोडं बाहेरचं. शिकार करून आणि वेचून जगणाऱ्या समाजांबद्दल आपली कल्पना अशी की पुरुष शिकार आणतो आणि घर जगतं. १९६० च्या दशकात रिचर्ड ली हे मानववंशशास्त्रज्ञ कालाहारीतल्या सान लोकांत राहिले, त्यांनी रोजचं अन्न मोजलं. पोटात जाणाऱ्या अन्नापैकी निम्म्याहून कितीतरी जास्त भाग बायकांनी वेचून आणलेला होता, त्यातही मोंगोंगो नावाच्या झाडाच्या बिया फार. टांझानियातले हाड्झा लोक आजही मध, कंद आणि फळं यांवर बरंचसं जगतात. मधासाठी ते एका पाखराच्या मागोमाग जातात, ते पाखरू त्यांना पोळ्यापर्यंत नेतं.

हे मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलं आफ्रिका म्हणून ऐकतात. मग मी त्यांना रिवणजवळ उसगाळीमळला नेतो. कुशावतीच्या काठी, जांभ्या दगडाच्या सपाटीवर बैल, हरणं, माणसं आणि एक मोठं चक्रव्यूहासारखं चित्र कोरलेलं आहे. अभ्यासकांपुढं ती १९९३ मध्ये आली, गावातल्या लोकांना आधीपासून ठाऊक होती. पावसाळ्यात नदीचं पाणी त्या कातळावर चढतं आणि चित्रं पाण्याखाली जातात. एकदा परतताना बसमध्ये केप्याची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, चित्रं शिकारीची आहेत, पण आमच्या घरात रानातून जेवण माझी आईच आणते." तिच्या आईला आम्ही पुढच्या सत्रात वर्गात बोलावलं. दीड तास ती पानांबद्दल बोलली, फळ्याची गरज लागली नाही.

चिखली

आम्ही खाडीवाले. आमचं रान पाण्याखाली.

खुबे आणि तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढायला भरती-ओहोटीचं गणित लागतं. सुकती (ओहोटी) रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब जातं, तेव्हा खरी कमाई. आई आणि शेजारच्या मामी गुडघाभर चिखलात उभ्या राहायच्या आणि पायाच्या बोटांनी चाचपायच्या. दगड गोल आणि गुळगुळीत लागतो, खुब्याला कड लागते. कड लागली की वाकून हात घालायचा. भांडं पाण्यावर तरंगत कमरेला बांधलेलं. लहान निघाला तर आई न बघता मागं टाकायची, हातालाच कळायचं.

जुन्या गोव्याच्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ पांढऱ्या शिंपल्या बसवलेल्या असतात ना, त्या शिंपलीचा जीव आमच्याच खाडीत राहतो. लहानपणी आम्ही तोही उचलायचो. आता त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ते बरोबरच आहे, इतका तो कमी झालाय.

जागा कुणाची? खाडी सगळ्यांची, असं आई म्हणायची. काही वर्षांपूर्वी काठावर एकानं मातीचा भराव टाकला. ती माती पहिल्याच पावसात खाली आली आणि आमच्या खुब्यांच्या पट्ट्यावर हातभर बसली. दोन वर्षं पायाला काही लागलं नाही. तक्रार केली, पाहणी झाली, भराव तिथंच आहे. आई आता बाजारात खुबे विकत घेते, आणि घेताना प्रत्येक खुबा बोटानं फिरवून बघते.

डिचोली

माटोळीबद्दल कुणीच लिहिलं नाही? आमची चवथ तिच्याशिवाय होत नाही. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं-फुलं बांधायची. कांगणां, कवंडाळ, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा, आंबाडे, वाघनखीची फुलं, सुपारीचं शिपटं, तोरिंगां. बांधायला केवणीच्या सालीचा दोर. लहानपणी काकांबरोबर दोन दिवस रानात फिरायचो. कुठलं फळ खायचं, कुठलं नुसतं टांगायचं, कुठल्याला हात लावल्यावर हात धुवायचा, हे सगळं मी माटोळीमुळं शिकलो. आमच्या घरातलं वनस्पतींचं पुस्तक वर्षातून एकदा असं छताला टांगलेलं असायचं.

आता सरकारी स्पर्धा असते, तिथं शेकडो वस्तूंची माटोळी लागते. मुलांना नावं कळतात, म्हणून मला ती आवडते.

सत्तरी, शेतकरी

डिचोलीच्या भावाला नम्रपणे सांगतो, आकडा वाढवण्याच्या नादात लोक वाघनखीचा वेल कंदासकट उपटून आणतात. तो कंद विषारी, खाण्याच्या कामाचा नाही. आणि पुढच्या वर्षी तिथं वेल नसतो. माटोळीला पाच घोस पुरे होतात.

डिचोली

मान्य. आमच्याकडेही हे झालंय. यंदा घरात ठरवलंय की बाजारातून माटोळीचं सामान आणायचं नाही, स्वतः चालत जाऊन सापडेल तेवढंच बांधायचं. माटोळी लहान झाली तर होऊ दे.

पेडणे

एक कबुली. पहिल्या पावसात आम्ही मुलं बत्ती घेऊन रात्री शेतात जायचो, मोठे पिवळे बेडूक धरायला. बत्ती डोळ्यावर मारली की बेडूक जागचा हलत नाही. दहावीत असताना एकदा पोतं भरून आणलं. पोत्याच्या तळाचे बेडूक चिरडले होते, त्यांची अंडी बाहेर आली होती. आजीनं पोतं बघितलं आणि आत निघून गेली. रात्री जेवली नाही. त्यानंतर मी बेडूक धरला नाही. पुढं कळलं की वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते धरणं गुन्हाच आहे. दर जूनमध्ये अजून शेतात बत्त्या फिरताना दिसतात. थांबवायला जातो, कधी ऐकतात.

चढणीच्या माशांचंही तेच. पहिल्या पाण्याला मासे व्हाळातून शेतात चढतात ते अंडी घालायला. वडील हातानं चार-सहा धरायचे आणि घरी यायचे. आता व्हाळाला या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावतात, मग वर चढायला काही उरतच नाही.

म्हापसा

२०२० च्या टाळेबंदीत पहिले काही दिवस किराणा दुकानंही बंद होती. शेजारच्या सदनिकांत माणसं घाबरली होती. आमच्या आयेनं परसातला कच्चा फणस उतरवला, शेवग्याचा पाला काढला, आणि कुंपणापलीकडच्या पडीक भाटातून (बागेतून) ओले काजू. चार घरांना पुरलं. भाटाचे मालक परदेशात. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, काजूबरोबर आंबेही काढा.

वास्को

मला रानभाजी ओळखता येत नाही. आईला यायची, मी कधी शिकले नाही, आता ती नाही. कुणी मला बरोबर न्याल का? मी रविवारी मोकळी असते.

धागा सुरू करणारी

वास्कोच्या ताई, या. बस फोंड्याला सोडते, मी स्टँडवर येते.

आणि सगळ्यांना सांगायचं होतं. म्हापशाचा अनुभव वाचून मी त्या भिंतीच्या मालकांचा नंबर राखणदाराकडून मिळवला. फोन करायला चार दिवस धीर झाला नाही. केला तेव्हा ते गृहस्थ आधी गप्प राहिले, मग विचारलं, "तिथं खायचं काही उगवतं?" मी तायकिळ्याचं सांगितलं. काल रविवारी राखणदारानं दार उघडलं. मी, मुलगी आणि वाड्यावरच्या दोघी वयनी आत गेलो. तायकिळा आता गुडघ्यापर्यंत वाढलाय, पानं जून, शेंगा धरायला लागल्यात. तो भाजीचा राहिला नाही. कुर्डू मात्र कोवळा होता, भिंतीच्या सावलीत भरपूर. मुलीनं वरची वरची पानं खुडली आणि दर थोड्या वेळानं पुढं सरकत राहिली. जाताना राखणदाराला एक जुडी दिली. तो ओडिशाचा. कुर्डूचं पान हातात फिरवून बघितलं आणि म्हणाला की त्याच्या गावीही हे उगवतं, नाव वेगळं आहे, आणि बायको ते लसणीत करते. पुढच्या रविवारी तो आम्हाला भिंतीच्या मागच्या बाजूची एक भाजी दाखवणार आहे.